गोळ्यांचं मी बोलले नाही

आमच्या घरी महालक्ष्म्या आत आणायची एक रीत आहे. ज्येष्ठेचा मुखवटा मोठ्या सुनेनं घ्यायचा, कनिष्ठेचा लहानीनं, आणि दोघींनी अंगणातून हळदीकुंकवाच्या पावलांवरून चालत देवघरापर्यंत यायचं. मागून सासूबाई ताट वाजवायच्या. यवतमाळात आमच्या गल्लीत आणखीही काही घरी महालक्ष्म्या बसतात. तिथे लेक आणते, नणंद आणते, वेळ पडली तर शेजारीण आणते. आमच्याकडे ते चालत नव्हतं. दोन्ही सुनांनीच आणायच्या, आणि त्या तीन दिवसांत दोघींपैकी कुणालाही पाळी येता कामा नये.

आणि येत नव्हती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सासूबाई दरवर्षी हे सांगायच्या. "इतके वर्षं झाले, माह्या घरी या दिवसांत कोणाले अडचण आली नाही. माही देवी पाह्यते ते." बायका तिथूनच मुखवट्यांना हात जोडायच्या. मी तबक घेऊन फिरत असायची.

ते देवी पाहत नव्हती, मी पाहत होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझी तारीख बरोबर आवाहनाच्या दिवशी येत होती. मी तेव्हा नुकतीच एका खाजगी शाळेत मराठी शिकवायला लागले होते. स्टाफरूममध्ये एका बाईंनी हळूच गोळ्यांचं नाव सांगितलं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. तारखेच्या तीन-चार दिवस आधी सुरू करायच्या, सण झाला की बंद करायच्या, मग दोन-चार दिवसांत पाळी येते. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नाही. त्या वर्षी पुरण घाटताना सासूबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मोठी पायगुणाची हाये." तो शब्द मला फार आवडला. पुढची सगळी वर्षं मी तो जपत राहिले.

तोवर कनिष्ठेचा मुखवटा सासूबाई स्वतःच घ्यायच्या. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि लहानी घरात आली. आम्ही सगळे तिला लहानीच म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहिते. ती केळापूरकडची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी धाकटी. हसताना तोंडावर पदर धरायची, पण हसू काही त्यात मावत नसे. दीर घाटंजीला एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतात, त्यामुळे त्यांचा संसार तिकडे. सणाला मात्र चार दिवस आधी यवतमाळला यायचं. पहिल्याच वर्षी मी तिला माजघरात ओढून गोळ्या हातात ठेवल्या.

"आईंले माहीत आहे?" तिनं विचारलं.

"नाही. आणि होऊही द्यायचं नाही."

"पण ताई, देवीले तं माहीत असन ना?"

"असेल."

"मंग ते आईंले सांगत काहून नाही?" आणि पदरात तोंड खुपसून हसत सुटली. मीही हसले. पुढे दरवर्षी आमची ती चोरटी गंमत होऊन बसली. मेडिकलवालाही आता ओळखीचा झाला होता. "म्याडम, यंदा महालक्ष्म्या लवकर आल्या ना? मी माल अगोदरच मागवून ठेवला." म्हणजे गोळ्या नेणारी मी एकटी नव्हते. पण दुसऱ्या कुणाच्या घरी लहानीसारखी बाई असेल असं वाटत नाही.

लहानीला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि त्या तापानं हृदयाची एक झडप खराब केली होती. अशा पेशंटला दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं. ती घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ते घ्यायची. कंबर धरून घरी यायची आणि पोळ्या करायला लागायची. लग्नाच्या वेळी हे आम्हाला माहीत नव्हतं. पहिली मुलगी झाली तेव्हा धाप लागली आणि कळलं. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा नागपूरला न्यावं लागलं. नंतर मांडीच्या शिरेतून फुगा घालून झडप मोकळी केली. तिथल्या डॉक्टरांनी दिराला समोर बसवून सांगितलं, आता तिसरं नको. गर्भारपणात रक्त वाढतं, ते सगळं या अरुंद दारातून जायचं असतं, दार पुन्हा आवळत जाणार आहे. हिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करायचं म्हणजे भुलीचा धोका. तुम्ही करून घ्या, पुरुषाचं सोपं असतं, त्याच दिवशी घरी जाल.

घरी आल्यावर दिरानं हे आईला सांगितलं. सासूबाईंनी हातातलं सूप खाली आपटलं. "माह्या पोराले काय बैलासारखं खस्सी करून राह्यले का? जड कामं कोण करीन मंग?" दीर जिनिंगमध्ये खुर्चीवर बसून हिशेब लिहितात. कुणी हसलं नाही. मला माहीत होतं की त्यानं काही होत नाही, वाचलेलं होतं. मी बोलले नाही. ते माझं पहिलं न बोलणं, पण त्याचा मला त्या वेळी काही भारही वाटला नाही. त्यांचं ते बघतील, असं म्हणून मी बाजूला झाले.

तर त्या वर्षी. लहानीची मुलगी दहावीत होती, मुलगा सहावीत. तिची तारीख महालक्ष्म्यांच्या आसपासच येत होती, म्हणून मी तिला घाटंजीलाच गोळ्या पाठवल्या, एस.टी.नं ये-जा करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर. तिनं वेळेवर सुरू केल्या. दोघींनी मुखवटे आणले. सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, सगळं यथासांग झालं. विसर्जन करून ती गेली, आणि पाच-सहा दिवसांनी तिचा फोन आला.

"ताई, अजून आली नाही."

"येईल. गोळ्यांनी मागंपुढं होतं."

"दरसाली तिसऱ्या दिवशी येते."

"माझीही एकदा पंधरा दिवस लांबली होती," मी म्हटलं. ते खरंही होतं. पण मी डॉक्टर नव्हते. ज्या बाईला तिसरं मूल म्हणजे जिवाशी गाठ आहे, तिला असं सांगण्याचा मला काय अधिकार होता? एक साधी तपासणी घरच्या घरी होते, पट्टीवर दोन थेंब टाकून. तीही त्याच मेडिकलमध्ये मिळते, गोळ्यांच्या शेजारच्याच खणात. मी तिला ते सुचवलं नाही. गोळ्या घेतल्यात म्हणजे पोटाचा प्रश्न येतच नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नंतर कळलं की त्या सुरू करण्याआधीच तिला दिवस गेले होते, आणि त्या गोळ्या राहिलेला गर्भ पाडत नाहीत. पाळी का आली नाही याला नुसतं एक कारण देऊन ठेवतात, आणि बाई त्या कारणावर विसंबून राहते.

दसऱ्यानंतर तिनं सांगितलं, "जरासं दिसलं ताई, डाग पडल्यासारखं."

"बघ, मी म्हणत नव्हते? आली."

ती पाळी नव्हती. गर्भ असतानाही कधी कधी तसं दिसतं. दिवाळीत ती आली तेव्हा चकल्या पाडता पाडता दोनदा भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, "तुझंही वय सरकतंय आता. माझ्या वेळी असंच सुरू झालं होतं, पाळी जायच्या आधी." ती चाळिशीच्या अलीकडे होती. मला माझ्यावरून सगळं जग मोजायची सवय.

दिवाळीनंतर तिला रात्री आडवं झोपता येईना. दीर तिला घेऊन यवतमाळला आले, हृदयाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी छाती तपासली, पोटावर हात ठेवला आणि शेजारच्या इमारतीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. दीर गाडी लावायला गेले म्हणून तिच्याबरोबर आत मी होते.

सोनोग्राफीच्या पडद्यावर ते हलत होतं. डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडून वळवून घेतला आणि म्हणाल्या, "सतरावा आठवडा चालू आहे. एवढ्या दिवसांत कळलं नाही?"

लहानी माझ्याकडे पाहत राहिली.

डॉक्टरबाई बोलायला स्पष्ट होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं, हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि मग लहानीलाच समोर बसवून सांगितलं, मला नाही. झडप पुन्हा आवळली आहे. आता तीन वाटा आहेत. एक, गर्भ काढून टाकायचा. इतक्या दिवसांनंतर ते गोळी देऊन घरी पाठवण्यासारखं नसतं, आणि तुझं हृदय असं असताना इथे माझ्याकडेही नाही. नागपूरला, जिथे हृदयाचे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग एका छताखाली आहे तिथे. धोका आहे, पण आज तो तिन्हीत कमी आहे. दोन, गर्भ ठेवून पोटात मूल असतानाच पुन्हा फुगा घालायचा. झडप फार कडक झालेली नसेल तर होतं, पण सगळ्यांना जमत नाही, आणि पुढचे महिने दवाखान्याच्या जवळच काढावे लागतील. तीन, औषधं, आराम, मीठ बंद, आणि काय होतं ते पाहत राहायचं. "ही तिसरी मी वाट म्हणून सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण बऱ्याच जणी याच वाटेनं जातात, कारण घरी काही ठरत नाही."

"पण म्याडम, पाडणं तं बंद आहे ना आता?" लहानीनं विचारलं. "भिंतीवर तुमच्या लिहिलेलं आहे."

डॉक्टरबाईंनी मागे वळून पाटीकडे पाहिलं. "ते मुलगा-मुलगी तपासायचं बंद आहे. ते वेगळं, हे वेगळं. वीस आठवड्यांच्या आत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्याच्यापुढे दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठरावीक कारणांसाठी. जीव जायची वेळ आली तर कधीही करता येतं, पण त्या वेळेपर्यंत थांबायचं कशाला? आणि सही तुझी. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. तुझ्या हातात अजून वेळ आहे, पण थोडा."

मग त्यांनी विचारलं, "सुरुवातीला काही गोळ्या-औषधं घेतली होती?"

लहानीनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "नाही. ती तिची नेहमीची इंजेक्शनं, तेवढीच."

तिथे खरं सांगितलं असतं तरी उपचारात मोठासा फरक पडला नसता, हे आता मला माहीत आहे. पण खोटं बोलायची सुरुवात मी तिथे केली. बाहेर आल्यावर लहानी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "मले नाही पाहिजे ताई," ती म्हणाली. "मले माहे दोन आहेत. पोरीची दहावी आहे. मले मरायचं नाही."

"आपण घरी बोलू," मी म्हटलं.

घरी सासूबाईंनी ऐकलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना आनंद झाला होता. मुलगा हवा, नातू हवा असं काही नव्हतं, ते सगळं होऊन गेलं होतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "आवाहनाच्या दिवशी हिची तारीख होती का नाही? मले सगळं कळते, मी बोलत नाही. देवीनं थांबवली. थांबवली अन् ओटीत घातलं. देवीनं सोवळ्यात दिलेला गर्भ कोणी पाडते का? ज्या देवीनं दिलं ते पार पाडीन. डॉक्टरले काय समजते."

दीर खाली मान घालून बसले होते. त्यांना बायको नको झाली होती असं नाही, त्यांनी नंतर तिच्यासाठी खूप केलं. पण आईपुढे त्यांची जीभ उचलत नसे. माझे यजमान म्हणाले, "आई म्हणते तर चार दिवस विचार करू." आणि पेपर उघडला.

तेव्हा लहानी बोलली. ती पाटावर भिंतीला टेकून बसली होती, श्वास घेत घेत बोलली. "आई, देवीनं नाही थांबवली. ताई गोळ्या आणते. दरसाली आणते, आधी त्यायच्या भी, अन् माह्या भी. पाळी लांबवाच्या. यंदा भी घेतल्या. तुम्ही विचारा ताईले."

मी मेथी निवडत होते. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"काय वं मोठे? खरं हाये का हे?"

माझ्या एका "हो" वर सगळं उभं होतं. गोळ्या होत्या म्हटलं की देवीनं थांबवली हे राहत नव्हतं, मग सोवळ्यातला गर्भही राहत नव्हता. उरली असती ती एक आजारी बाई आणि डॉक्टरांचा सल्ला. सासूबाई दोन दिवस रडल्या असत्या, मला बोलल्या असत्या, कदाचित माझ्या हातचं पाणी सोडलं असतं. दीर मोकळे झाले असते. मला हे सगळं त्या क्षणी दिसत होतं. मी गोंधळले वगैरे नव्हते.

"नाही आई," मी म्हटलं. "कशाच्या गोळ्या? तिला सध्या काही सुचत नाही."

"पाह्य," सासूबाई दिराला म्हणाल्या. "पोटुशी बाई असंच बोलते. माह्या थोरल्याच्या वेळी मी भी काहीबाही बोलत होती."

लहानी माझ्याकडे पाहून हसली. पदर न धरता, अगदी थोडंसं, जसं एखादं पोर समोरच उघड खोटं बोललं की आपल्याला हसू येतं तसं. मी मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिले.

मागाहून ती स्वयंपाकघरात आली. "ताई, तुम्ही खरंच नाही म्हटलं ना आत्ता?"

"आत्ता त्या भरात आहेत. मी नंतर नीट सांगते, त्या एकट्या असताना गाठून."

"कधी?"

"सांगते ना."

सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायची, आज शाळेतून आल्यावर. आल्यावर सासूबाई चहा ठेवून वाट पाहत असायच्या, आणि मी चहा घ्यायची. मार्गशीर्ष लागला. गुरुवार सुरू झाले. सासूबाईंनी निक्षून सांगितलं, लक्ष्मीच्या महिन्यात असलं काही घरात होणार नाही, महिना संपल्यावर पाहू. महिना संपेपर्यंत काय संपणार होतं, हे त्या घरात मला आणि लहानीलाच कळत होतं.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून एकदा फोन आला, माझाच नंबर दिलेला होता. "पेशंट कधी येतेय मॅडम? नागपूरला बोलून ठेवलंय."

"घरचे विचार करताहेत."

"घरच्यांची सही लागत नाही, मॅडमनी सांगितलंय ना? तिलाच आणा."

"हो, आणते," मी म्हटलं.

आणि मग लहानीचा फोन, घाटंजीहून. ती दबक्या आवाजात बोलत होती. "ताई, आईंले नका सांगू काही. गोळ्यांचं राहू द्या. तुम्ही नुसतं माह्यासंगं नागपूरले चला. सही माहीच लागते म्हणतात ना, तं करीन. पण एकटीनं बसमधी चढणं होत नाही आता. हे येत नाहीत. तुम्ही चला."

मी म्हटलं, "शाळेत स्नेहसंमेलन आहे गं. या आठवड्यात सुट्टी मिळणं कठीण आहे."

मग म्हणाली, "बरं."

सुट्टी मिळाली असती. मी मागितलीच नाही. तिच्याबरोबर मी गेले असते, तर परत आल्यावर सासूबाईंनी विचारलं असतं, तुला काय पडलं होतं एवढं. आणि मग ते सगळं उलगडत गोळ्यांपर्यंत आलं असतं. दुसरं काही नाही. मला ते मूल हवं होतं असं नाही, लहानीचं वाईट व्हावं असंही कधी वाटलं नाही. मी पायगुणाची मोठी सून होते आणि मला तेवढंच राहायचं होतं. त्यापायी मी तिला "बरं" म्हणायला लावलं. संमेलनात मी पोरींच्या नाचाला टाळ्या वाजवल्या.

मार्गशीर्ष संपला तेव्हा वीस आठवडे उलटून गेले होते. दीर तिला घेऊन पुन्हा डॉक्टरबाईंकडे आले, मीही बरोबर होते. त्यांनी तपासलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. आता कायद्यानं सोपं नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी हृदयावर इतका ताण चढलाय की काढणंही तितकंच धोक्याचं झालंय. आता फुगा घालून बघा, नागपूरलाच. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. फक्त चिठ्ठी लिहून होईपर्यंत वर पाहिलं नाही.

नागपूरला फुगा घातला, पण झडप हवी तेवढी उघडली नाही. खूप वर्षांची कडक झालेली, असं म्हणाले. लहानी तिथेच राहिली. एका पहाटे फुप्फुसात पाणी भरलं, तोंडातून फेस आला, नळ्या घातल्या, आणि त्याच गडबडीत सातव्या महिन्यातच मूल काढावं लागलं. मुलगी होती. काचेच्या पेटीत काही दिवस होती. लहानीनं तिला पाहिलंच नाही, ती दुसऱ्या मजल्यावर यंत्रावर होती. मी पाहिलं. तिच्या कपाळावर बारीक लव होती. सासूबाईंनी यवतमाळहून देवीचा अंगारा पाठवला होता, तो दिरानं शर्टाच्या खिशातच ठेवला. पेटीजवळ बाहेरचं काही नेऊ देत नव्हते. मुलगी गेली तेव्हा तो खिशातच होता.

लहानी वाचली. वाचली म्हणायचं. हृदयाचा स्नायूच आता ढिला झालाय, झडपेचं मोठं ऑपरेशन सोसायचं नाही, म्हणून कुणी करत नाही. औषधं आहेत. त्यांनी ती आहे तशी राहते, बरी होत नाही, होणारही नाही. घाटंजीला पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिची खुर्ची आहे. तिचे केस लेक विंचरते, कारण हात वर धरला की धाप लागते. दहावीत मुलीचे मार्क कमी पडले, तिनं पुढचं शिक्षण घराजवळच्या कॉलेजातच घेतलं. दिरानं आता ते पुरुषांचं ऑपरेशन करून घेतलं आहे. त्याच दिवशी घरी आले.

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की सोवळ्यात कुठेतरी चूक झाली, लहानीच्या हातून. त्या तिला तसं बोलूनही दाखवायच्या. मी शेजारीच बसलेली असायची.

त्यांचं सगळं आटोपल्यावर एका रविवारी मी घाटंजीला गेले. जाताना बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. दीर बाजारात गेले होते, मुलं आत. मी तिच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. मेथी निवडताना मला काय काय दिसत होतं ते. सुट्टी मिळाली असती ते. आता आई नाहीत, आता मी दिरालाही सांगते, सगळ्यांना सांगते, म्हटलं.

ती ऐकत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, आत काहीतरी ओलं सरकल्यासारखा.

"आता कोणाले सांगता ताई?" ती म्हणाली. "ज्याईले सांगाचं होतं ते गेल्या."

"तुला तरी सांगायला हवं होतं."

"मले माहीत होतं. मी तिथंच बसली होती नं." ती थांबली, दम घेतला. "तुमाले बरं वाटावं म्हणून आल्या तुम्ही. मले माहाच श्वास पुरत नाही. तुमचं हे मी कुठं ठेवू?"

तिनं पाठीमागची उशी वर घ्यायला सांगितली, मी घेतली. अजून थोडी, म्हणाली. अजून थोडी घेतली. मग ती खिडकीबाहेर पाहू लागली, आणि मी तिथे आहे हे तिला विसरायचंय असं मला स्पष्ट कळलं.

परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा तिला डोळा लागला होता, बसल्याबसल्याच. ती आता तशीच झोपते. लेक दारात येऊन हळू म्हणाली, "मोठ्याई, मम्मीले नका उठवू." मी चपला हातात घेऊन बाहेर आले.